आधी सोबत मिळते, मग शत्रू दाखवला जातो

डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरच्या सुरक्षा यंत्रणेने एका १६ वर्षांच्या शाळकरी मुलाला ताब्यात घेतलं. मुलगा भारतीय वंशाचा, प्रोटेस्टंट ख्रिस्ती. घराजवळच्या दोन मशिदींवर हल्ला करायचा असं त्याने ठरवलं होतं. तारीखही पक्की होती, १५ मार्च २०२१. मशिदींचा परिसर त्याने गूगलच्या नकाशावर पाहून ठेवला होता, अंगात घालायचं लष्करी धाटणीचं जाकीट ऑनलाइन मागवलं होतं आणि हल्ला मोबाइलवरून जगाला थेट दाखवायचा बेत होता. घरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. कुठल्या संघटनेने त्याला भरती केलं नव्हतं. जे झालं ते सगळं स्क्रीनवर, एकट्याने.

तारीख त्याने विचार करून निवडली होती. २०१९ साली याच दिवशी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात एका ऑस्ट्रेलियन माणसाने दोन मशिदींत शिरून गोळीबार केला आणि ५१ जणांचा जीव घेतला. हल्लेखोराने सुमारे १७ मिनिटं फेसबुकवरून थेट प्रक्षेपण केलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ते नाव आपण उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं होतं आणि मला ते मनापासून पटतं. ते प्रक्षेपण चालू असताना पाहणारे दोनशेसुद्धा नव्हते. पण पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या, त्यातल्या १२ लाख तर अपलोड होतानाच अडवल्या. त्यातून सुटलेल्या कुठे कुठे गेल्या त्याला गणती नाही. सिंगापूरच्या या मुलाने तो व्हिडिओ पाहिला होता आणि हल्लेखोराचं लांबलचक पत्रकही वाचलं होतं.

याच मुलाने ‘इस्लामिक स्टेट’चे प्रचारकी व्हिडिओही पाहिले होते. ते पाहून त्याने निष्कर्ष काढला की इस्लाम म्हणजे हेच. म्हणजे बघा, एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन गट, आणि दोघांचाही प्रचार एकाच मुलाच्या एकाच स्क्रीनवर. एका गटाने त्याच्या मनात भीती भरली, दुसऱ्याने त्या भीतीवर तोडगा दिला. कडव्या गटांना एकमेकांची फार गरज असते. समोरचा जितका क्रूर दिसेल, तितकं आपल्याकडे माणूस ओढणं सोपं.

कट्टरता म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. एखादी मुलगी अचानक देवधर्म करू लागली, नमाज पढू लागली, उपवास धरू लागली, तर ती कट्टर झाली असं नव्हे. एखाद्या मुलाला आरक्षणावरून, पाण्यावरून, नोकरीवरून प्रचंड संताप येतो, तो मोर्चात जातो, घोषणा देतो, तीही कट्टरता नव्हे. लोकशाहीत राग येणं आणि तो बोलून दाखवणं हा हक्क आहे. धोका सुरू होतो तो एका ठरावीक जागी. समोरचा समाज सगळाच्या सगळा एकसारखा वाटायला लागतो, त्यातला एखादा शेजारी, एखादा मित्र वेगळा दिसेनासा होतो, आणि मग ‘त्यांना’ मारलं तर त्यात चूक काय, हा प्रश्न खराखुरा वाटू लागतो. धर्म कोणता, पक्ष कोणता, रंग कोणता याने फरक पडत नाही. हा प्रवास सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

आणि तो प्रवास करणारे वयाने लहान होत चालले आहेत. ब्रिटनमध्ये २०२३ साली दहशतवादाशी संबंधित गुन्ह्यांत अटक झालेल्यांपैकी ४२ जण १७ किंवा त्याहून कमी वयाचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांच्या सुरक्षा व गुप्तचर यंत्रणांनी मिळून फक्त याच विषयावर, अल्पवयीन मुलं आणि हिंसक कट्टरता यावर, एक निवेदन काढलं. पोलीस आणि हेर एरवी अशी जाहीर हाक देत नाहीत. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की हे काम एकट्या सुरक्षा यंत्रणांचं नाही, शाळा, आरोग्यसेवा, समाजसेवक आणि घरचे लोक यांच्याशिवाय ते होणार नाही.

आता मोबाइलच्या आत काय घडतं ते पाहू. इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुक यांच्या फीडमध्ये पुढे काय दाखवायचं हे ठरवणारी जी गणिती यंत्रणा असते, तिला आपण अल्गोरिदम म्हणतो. तिला ना धर्म कळतो, ना द्वेष. तिचं काम एकच, तुम्ही अजून थोडा वेळ थांबाल असं काहीतरी समोर ठेवणं. साडीच्या दुकानात आपण एका साडीचा पदर नुसता बोटांत धरून पाहतो आणि समोरचा माणूस त्याच जातकुळीच्या वीस साड्या फडाफड उलगडतो, प्रत्येक आधीपेक्षा जास्त भरजरी. आपण काय बोललो यापेक्षा आपला हात कुठे रेंगाळला याकडे त्याचं लक्ष असतं. फीडही तुमचं रेंगाळणं मोजतं. कोणता व्हिडिओ पूर्ण पाहिला, कोणता पुन्हा पाहिला, कशावर चिडून कमेंट केली, कोणाला पाठवला. चिडून केलेली कमेंटसुद्धा त्याच्या लेखी आवडच. एखाद्या पोराने ‘हे किती घाणेरडं आहे’ असं लिहिलं तरी यंत्रणा इतकंच समजते की हा इथे थांबला.

यावर कंपन्यांच्या आतलीच माहिती बाहेर आलेली आहे. २०१७ मध्ये फेसबुकने कुठली पोस्ट वर आणायची हे ठरवताना साध्या ‘लाइक’ला एक गुण आणि रागाच्या लाल चेहऱ्यासकट इतर इमोजींना पाच गुण द्यायला सुरुवात केली. संताप आणणारी पोस्ट मग आपोआप वर चढू लागली. २०२० मध्ये कंपनीने रागाच्या इमोजीचं वजन शून्यावर आणलं. तीन वर्षं लागली. २०१६ च्या एका अंतर्गत सादरीकरणात कंपनीच्याच संशोधकाने लिहून ठेवलं होतं की कडव्या गटांमध्ये सामील होणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक कंपनीच्या स्वतःच्या शिफारशींमुळे तिथे पोचतात. ‘तुम्हाला हा ग्रुप आवडेल’ अशी जी पाटी येते ना, तीच. ही गोष्ट जगाला २०२० मध्ये वर्तमानपत्रांतून कळली. चार वर्षं ती कंपनीच्या आतच होती, आणि या चार वर्षांबद्दल मला खरोखर राग आहे.

भाषेचाही यात वाटा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ट्विटरवरच्या लाखो संदेशांची तपासणी झाली. विषय होते बंदूक नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल. ज्या संदेशांत नीती आणि भावना दोन्ही पेटवणारे शब्द होते, ‘लाज’, ‘पाप’, ‘द्रोह’ या जातीचे, तिथे असा प्रत्येक जादा शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवत होता. आणि हा प्रसार मुख्यतः आपल्याच गोटात होत होता. पलीकडच्यांपर्यंत तो फारसा पोचतच नव्हता. आपण चिडून लिहितो तेव्हा आपल्याला वाटतं समोरच्याला सुनावलं. प्रत्यक्षात ऐकणारे सगळे आपलेच असतात, आणि ते अजून चिडतात.

इथवर वाचून ‘सगळं मोबाइलनेच केलं’ असं वाटणं साहजिक आहे. पण तसं म्हणून थांबलो तर अर्धीच गोष्ट हाती लागेल. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यूट्यूबबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी काय पाहिलं हे त्यांना विचारण्याऐवजी, त्यांच्या परवानगीने त्यांच्या ब्राउझरमधली प्रत्यक्ष नोंदच तपासली. कडव्या चॅनेलांचे बहुतेक प्रेक्षक म्हणजे अगदी मोजकी माणसं निघाली, आणि त्यांच्या मनात वंशाबद्दल व स्त्रियांबद्दल राग आधीपासून होता. ती शिफारशीवर घसरत घसरत तिथे गेली नव्हती. चॅनेल सबस्क्राइब करून आणि दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून ती स्वतःच येत होती. हा अभ्यास प्रौढांचा आहे, मुलांचा नाही, आणि यूट्यूबने २०१९ मध्ये शिफारशींत बदल केल्यानंतरचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. तरी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. फीड हे सगळ्यांना सारखं बिघडवत नाही. ज्याच्या मनात आधीच काहीतरी दुखतंय, त्याला ते बरोबर शोधून काढतं आणि त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवत राहतं.

दुखणं म्हणजे नेमकं काय? बफेलोचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या या शहरात १४ मे २०२२ रोजी १८ वर्षांच्या एका गोऱ्या तरुणाने सुपरमार्केटमध्ये १० कृष्णवर्णीयांना मारलं. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, भयंकर कंटाळा आला म्हणून आपण ‘फोरचॅन’ या, नाव न सांगता काहीही लिहिता येणाऱ्या साइटवर जायला लागलो असं त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं. कंटाळा! शाळा बंद, मित्र नाहीत, खेळ नाही, दिवसभर एक खोली. क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराबद्दल न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाने २०२० मध्ये दिलेला अहवालही असाच वाचावा लागतो. घरात ताणतणाव, लहानपणापासून कोणाचीही नजर नसलेलं इंटरनेट, वयाच्या चौदाव्या वर्षापासून फोरचॅनवर वावर. मुख्य माहिती आणि प्रेरणा आपल्याला यूट्यूबवरून मिळाली, असं त्याने आयोगाला सांगितलं. आपण कल्पना करतो ती एखाद्या अंधाऱ्या, गुप्त संकेतस्थळाची. त्याने नाव घेतलं ते आपल्या घरात रेसिपी आणि भजनं पाहायला वापरतात त्या ॲपचं.

कंटाळा, एकटेपणा, अपमान, घरातलं भांडण, नापास होणं, मुलींनी किंवा मुलांनी झिडकारणं, बापाचं जाणं. यातलं काही ना काही कोणत्याही किशोरवयीन मुलाच्या वाट्याला येतंच, आणि त्यातले जवळपास सगळेजण काही काळाने सावरतात. धोका त्यांना, ज्यांच्या या दुखण्याला पहिलं उत्तर देणारा माणूस कडव्या गटातला निघतो.

म्हणूनच माझ्या मते फीड ही फक्त पायरी आहे. खरं काम होतं ते त्यापुढच्या बंद खोलीत. रीलखालच्या कमेंटमधून कोणीतरी टेलिग्रामची किंवा डिस्कॉर्डची लिंक देतं. तिथे वीस-पंचवीस जण असतात, बरेचसे याच्याच वयाचे. रात्री दोन वाजताही कोणीतरी जागं असतं. ‘जेवलास का’ असंही विचारतात, परीक्षेला शुभेच्छा देतात. कोणी मोठा ‘भाई’ असतो, तो शाबासकी देतो. पोराला टोपणनाव मिळतं, काम मिळतं, हळूहळू ग्रुपमध्ये पद मिळतं. वर्गात ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही तो इथे ॲडमिन होतो. विचार, तत्त्वज्ञान, इतिहासाचे दाखले हे सगळं नंतर येतं. अनेकांना ते नीट सांगताही येत नाही. ग्रुप सुटू नये म्हणून ते ग्रुपची भाषा बोलायला शिकतात आणि मग ती भाषा त्यांचीच होते.

या भाषेत विनोदाचं प्रमाण फार असतं. मीम, टोमणे, शिव्यांचे कोड, इमोजी. कोणी आक्षेप घेतला की ‘अरे गंमत होती’ म्हणता येतं. पण हीच गंमत रोज शंभर वेळा डोळ्यांखालून गेली की माणसाच्या मरणाचं काही वाटेनासं होतं.

१ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाचं ॲप उघडकीला आलं. देशभरातल्या शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता तिथे टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. पत्रकार, कार्यकर्त्या, अभ्यासक, कोणालाही सोडलं नव्हतं. त्याआधी जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाने हाच प्रकार झाला होता. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने आधी बंगळूरूमधून इंजिनीअरिंगच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला अटक केली, मग उत्तराखंडमधून एका १८ वर्षांच्या मुलीला. पाठोपाठ दिल्ली पोलिसांनी आसाममधून २१ वर्षांच्या आणखी एका विद्यार्थ्याला पकडलं. वेगवेगळी राज्यं, वेगवेगळी घरं, आणि ओळख झालेली ऑनलाइन. अठरा वर्षांची मुलगी दुसऱ्या स्त्रीच्या लिलावात सामील असल्याचा आरोप वाचून तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. पोरींना या वाटेचा धोका नाही, हा आपला समज त्या दिवशी तरी गळून पडायला हवा होता.

महाराष्ट्राने या वाटेची दुसरी बाजूही पाहिली आहे. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकच्या धार्मिक स्थळांच्या यात्रेला म्हणून गेले आणि बगदादमधून गटापासून वेगळे होऊन ‘इस्लामिक स्टेट’च्या दिशेने निघून गेले. शिकलेली, नीट घरातली मुलं. त्यांच्यातला एकजण नोव्हेंबर २०१४ मध्ये परत आला आणि एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेने, त्याला अटक केली. तिथे आपल्याला लढायला देण्याऐवजी शौचालयं साफ करायला आणि पाणी भरायला लावलं, असं त्याने चौकशीत सांगितल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. व्हिडिओमध्ये दाखवलेलं पराक्रमी जग आणि तिथली खरी कामं यांतलं अंतर किती होतं ते यावरून कळतं. ते अंतर कळायला त्या मुलांना इराकपर्यंत जावं लागलं, आणि त्यांच्या आईबापांनी काय सोसलं असेल याचा विचारही करवत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन विद्यार्थिनीचं प्रकरण पुढे आलं. हुशार मुलगी, शाळेत उत्तम गुण. इंटरनेटवरून ती परदेशातल्या ‘इस्लामिक स्टेट’ समर्थकांच्या संपर्कात आली होती आणि सीरियाला जायची तयारी करत होती. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तिच्यावर गुन्हा दाखल करण्यापेक्षा घरच्यांना आणि धर्मगुरूंना सोबत घेऊन समुपदेशन केलं. त्या काळात पथकाने राज्यातल्या इतर अनेक तरुणांच्या बाबतीतही हाच मार्ग धरला, आणि तो योग्यच होता. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला तुरुंगात टाकून तिचा राग कमी होत नाही.

पण ती गोष्ट तिथे संपली नाही. त्याच मुलीला जुलै २०२० मध्ये एनआयएने दुसऱ्या एका प्रकरणात अटक केली. मधल्या पाच वर्षांत काय झालं, कोण तिच्याशी बोलत होतं, कोण बोलायचं थांबलं, हे बाहेरून सांगता येत नाही आणि तिच्याबद्दल अंदाज बांधायचा मला अधिकारही नाही. यंत्रणेबद्दल मात्र बोलता येतं. समुपदेशनाच्या चार बैठका झाल्या, फाइल बंद झाली, असं या कामात चालत नाही. सिंगापूरमध्ये २००३ पासून मुस्लिम धर्मशिक्षकांचा एक स्वयंसेवी गट कट्टर झालेल्या कैद्यांशी वर्षानुवर्षं बोलत राहतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाला ज्या कायद्याखाली धरलं तो कठोर आहे, त्यात खटल्याविना डांबून ठेवता येतं, आणि त्यावर मानवी हक्कांच्या दृष्टीने रास्त टीका होते. पण कोठडीत त्याचं शिक्षण चालू ठेवलं गेलं, त्याला मानसशास्त्रज्ञ आणि ख्रिस्ती धर्म जाणणारा समुपदेशक मिळाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटी घालून त्याला सोडण्यात आलं. तीन वर्षं आणि इतकी माणसं, तीही एका मुलासाठी. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी किशोरवयीनांचा मानसोपचारतज्ज्ञ शोधायला गेलं तरी दमछाक होते.

प्रत्येक पोर काही दहशतवादी होत नाही, पण द्वेषाची खालची पायरी रोज गावोगावी दिसते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून तणाव पसरला. ७ जूनला बंदची हाक दिली गेली, जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, इंटरनेट बंद करावं लागलं. ज्या शहराला शाहू महाराजांचा वारसा आहे तिथे एका स्टेटसने हे घडावं याचं दुःख कोल्हापूरकरांनीच सर्वांत जास्त बोलून दाखवलं. स्टेटस २४ तासांत पुसलं जातं, त्याचा स्क्रीनशॉट मात्र गावभर फिरत राहतो. तो फिरवणारा आणि त्यावर चालून जाणारा, दोघांनाही त्या क्षणी आपण काहीतरी मोठं करतोय असंच वाटत असतं. गुन्हा नोंदवला जातो तो मात्र पोरांच्या नावावर. मेसेज पेरणारे घरी बसलेले असतात.

मग घरच्यांनी ओळखायचं कसं? दाढी, टिळा, कपडे, पुस्तकं यांवर जाऊ नका. त्याने निरपराध मुलं संशयाखाली येतात आणि खरा धोका दिसत नाही. बोलण्याकडे लक्ष द्या. ‘ते सगळे तसलेच’ हे वाक्य वारंवार येऊ लागलं, जुने मित्र, विशेषतः दुसऱ्या जातीधर्मातले, एकाएकी तुटले, कोणाच्या मरणाचा व्हिडिओ पाहून पोरगं हसलं, एखादा हल्लेखोर त्याला हिरो वाटू लागला, किंवा ‘तुम्हाला काही कळत नाही, लवकरच कळेल’ अशी भाषा सुरू झाली, तर बसून बोलायची वेळ आली आहे. क्रिकेट सुटलं, क्लास सुटला, झोप उडाली, दुसरं सिमकार्ड सापडलं, हेही सोबत असेल तर अजिबात थांबू नका. यातलं एखादंच लक्षण म्हणजे काहीच नाही, तीही वयाची गोष्ट असते.

पहिली प्रतिक्रिया बहुतेक घरांत एकच असते, मोबाइल हिसकावणं. मी शिक्षकांशी आणि पालकांशी या विषयावर बोलतो तेव्हा सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर होतो. मोबाइल काढून घेतला की ग्रुपने आधीच सांगून ठेवलेलं खरं ठरतं: घरचे तुझे शत्रू आहेत. पोरगं मित्राच्या फोनवरून आत शिरतं आणि तुमच्याशी बोलणं कायमचं बंद करतं. वाद घालून, इतिहास सांगून, ‘हे खोटं आहे’ म्हणूनही फारसं साधत नाही, कारण ग्रुपने त्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर त्याला पाठ करून दिलेलं असतं. त्यापेक्षा विचारा. हा व्हिडिओ कोणी पाठवला? तो भाई प्रत्यक्षात कोण आहे, त्याचं खरं नाव काय, तो स्वतः काय करतो? तुला त्यांच्यात काय बरं वाटतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर पोराच्या आयुष्यात काय कमी आहे ते कळतं, आणि मग ते दुसरीकडून भरून काढता येतं. तालीम असो, ढोलपथक असो, ट्रेकिंगचा ग्रुप असो, नाटकाची तालीम असो, जिथे त्याला चारचौघांत नाव मिळेल, आणि जिथे चारचौघं सगळे एकाच जातीधर्माचे नसतील.

फीडही थोडं बदलता येतं. यूट्यूबची पाहिलेल्या व्हिडिओंची यादी पुसता येते, इन्स्टाग्रामवर शिफारशी नव्याने सुरू करता येतात, ‘रस नाही’ हे बटण दाबत राहिलं की काही दिवसांत फरक दिसतो. हे पोरासोबत बसून करा, त्याच्या पाठीमागे नको. यंत्रणा कशी चालते हे एकदा समजलं की किशोरवयीन मुलांना आपल्याला कोणीतरी खेळवतंय याची भयंकर चीड येते. ती चीड फार उपयोगी आहे.

कायदे आता हळूहळू जागे होत आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना, तुमच्यावर पाळत न ठेवता बनवलेलं फीड निवडायची सोय द्यावी लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची आणि मुलांच्या वागण्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाईची तरतूद आहे. कागदावर हे चांगलं आहे. पण आपल्याकडे एकच फोन घरातले चौघे वापरतात, वय खोटं टाकायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि सर्वांत विखारी मजकूर तर बंद ग्रुपमध्ये असतो, जिथे अल्गोरिदमही नसतो आणि कायदाही सहज पोचत नाही.

आणखी एका ग्रुपबद्दल बोलायचं राहिलं. कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप. ‘सुप्रभात’च्या फुलांखाली काका, मामा, आत्या जे फॉरवर्ड टाकतात ते घरातली चौदा वर्षांची पोरंही वाचत असतात, उत्तर देत नाहीत इतकंच. एखाद्या समाजाला किड्यांची उपमा देणारा मेसेज तिथे आला आणि सतराजणांनी त्यावर हात जोडले, की त्या पोराच्या लेखी ती घरची भाषा ठरते. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही या संस्कारात आपण वाढलो, पण इथे कोणीतरी मोठ्यानेच ‘काका, हे बरोबर नाही, काढून टाका’ असं त्याच ग्रुपमध्ये, सगळ्यांसमोर लिहायला हवं. खाजगीत लिहून उपयोग नाही, कारण पोरं वाचतात तो ग्रुप.

आपलं पोर अशा वाटेवर आहे असं वाटत असेल तर आधी मानसिक आरोग्याची मदत घ्या. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही मिळते, फोन करायला पैसे पडत नाहीत. मूल अल्पवयीन असेल आणि कोणी मोठा माणूस त्याला धमकावत, फितवत किंवा पैसे देत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे. ग्रुपमध्ये एखाद्या हल्ल्याची ठिकाणं, तारखा, हत्यारं यांची चर्चा दिसली तर मात्र घरातच मिटवू म्हणून बसू नका. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, आणि ११२ वर कळवा.